धातूच्या रंगावर डिकॅल डागाळलं? बाटली उघडण्याआधी डाग कुठे आहे ते बघा

रात्री अकरा वाजता टेबललॅम्पखाली मॉडेलवरचं डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचं छापील चिन्ह, रंगवल्यासारखं बसलेलं असतं. सकाळी मॉडेल गॅलरीत नेऊन उन्हात धरलं की त्याच डिकॅलभोवती पांढुरकी चौकट दिसते. कधी डिकॅलच्या पारदर्शक फिल्मखाली कोळ्याचं जाळं पसरावं तशी चांदी पसरलेली असते, तर कधी शेजारच्या पत्र्यावर ओघळ वाळल्यासारखी कड उमटलेली असते. हिरव्या-करड्या कॅमोफ्लाजवर तेच डिकॅल, त्याच हाताने, त्याच बाटल्यांनी लावलं तर काही होत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या रंगावर मात्र दर दोन-तीन मॉडेलांमागे एकदा हे होतंच.

नाशिकमध्ये हा प्रश्न जास्त येतो, कारण इथे ज्याला विमानांच्या मॉडेलची आवड लागते तो आज ना उद्या मिग-२१ करायला घेतोच. ओझरचा एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा) कारखाना १९६४ साली उभा राहिला तोच मिग-२१ चा एफएल हा प्रकार बनवायला. माझे मामा तिथे नोकरीला होते. सुरुवातीची एफएल विमानं उघड्या धातूच्या रूपातच उडत होती, अंगावर कॅमोफ्लाज नंतर चढलं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये एफएल निवृत्त झालं, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला शेवटच्या मिग-२१ ला निरोप दिला गेला. तेव्हापासून आपल्याकडे घराघरात ठेवणीतले किट बाहेर निघालेत, आणि त्यातल्या निम्म्यांना विमान चांदीच्या रंगातच हवं असतं. मलाही तेच हवं असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मला फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: कोणता सॉफ्टर घेऊ? सॉफ्टरचं, म्हणजे डिकॅलची फिल्म मऊ करणाऱ्या द्रावणाचं, नंतर बघू. आधी डाग नेमका कुठे आहे ते ठरवा. फिल्मच्या खाली, फिल्मच्या कडेला, की फिल्मच्या बाहेर? तिन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की साधं काम हाताबाहेर जातं. गोंदाच्या डागाला सिल्व्हरिंग (फिल्मखाली अडकलेली हवा) समजून त्यावर सॉफ्टर सोडला तर गोंद निघत नाहीच, वर रंगाला कड पडते. ती कड मग गोंदापेक्षा जड जाते.

डाग ओळखायला दोन गोष्टी पुरतात. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च मॉडेलच्या पातळीला आणून जवळजवळ आडवा धरा. आता टॉर्च हळूहळू विमानाभोवती फिरवा. डाग एका कोनात चमकून दुसऱ्या कोनात विझत असेल तर बहुतेक वेळा फिल्मखाली हवा आहे. सगळ्या कोनांतून सारखाच मंद, धुरकट दिसत असेल तर वर काहीतरी साचलंय. दुसरी परीक्षा मला याहून खात्रीची वाटते. ब्रशच्या टोकाने डागावर स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवा. ओलं असेपर्यंत डाग गायब झाला आणि वाळल्यावर परत आला, तर दोष वरच्या थरात आहे: गोंद, क्षार किंवा खरखरीत क्लिअर (रंगावर मारायचा पारदर्शक थर). थेंबाखालीही डाग तसाच दिसला तर हवा आत अडकलेली आहे. पाणी वरचे खाचखळगे भरून काढतं म्हणून ते दिसेनासे होतात, फिल्मखालच्या हवेपर्यंत मात्र ते पोचत नाही.

धातूच्या रंगावरच हे एवढं का दिसतं, हेही सांगतो. या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे अतिबारीक पापुद्रे असतात. ते आडवे, एकमेकांना लागून बसले की छोट्या आरशासारखे प्रकाश परत फेकतात. मॅट कॅमोफ्लाज मुळातच प्रकाश चहूकडे उधळतं, त्यामुळे फिल्मखालची थोडी हवा त्यात लपून जाते. आरशावर काही लपत नाही.

फिल्मच्या बाहेरचा डाग

या डागाला तीन बाप आहेत: गोंद, पाणी आणि सॉफ्टर.

डिकॅलच्या कागदावर पाण्यात विरघळणारा गोंद असतो. डिकॅल सरकवताना तो भोवताली पसरतो आणि वाळला की पिवळट, मंद डाग राहतो. कॅमोफ्लाजवर तो पुढच्या मॅट कोटखाली झाकला जातो. चांदीवर क्लिअर मारलं तर तो उलट कायमचा कोंडला जातो. डिकॅल जागेवर बसून तासभर झाला की कानात घालायचा कापसाचा बड बॅटरीच्या पाण्यात भिजवा, पिळा, आणि डिकॅलभोवती गोल लोळवत न्या. घासू नका, लोळवा. बड दर वेळी नवा घ्या. त्याच दिवशी केलं तर हा गोंद दोन बडमध्ये निघतो. आठवड्याने केलं तर दहा लागतात, आणि तेवढ्या हाताळणीत कुठेतरी रंग दुखावतोच.

बॅटरीचं पाणी म्हणजे इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड पाणी, हार्डवेअरच्या किंवा बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं ते. अ‍ॅसिड नव्हे, लेबल वाचून घ्या. मी हा आग्रह का धरतो? गंगापूर धरणाचं नळाचं पाणी बरं असतं, पण उन्हाळ्यात बऱ्याच सोसायट्या बोअरवर जातात आणि ते पाणी जड असतं. स्टीलच्या पेल्यावर जो पांढरा वर्ख चढतो, तोच विमानाच्या पंखावरही चढतो. एका मित्राच्या मॉडेलवर प्रत्येक स्टेन्सिलभोवती (विमानावरच्या बारीक छापील सूचनेभोवती) टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं वर्तुळ होतं. त्याने किटमधल्या डिकॅलला दोष दिला होता. आम्ही पाणी बदललं आणि उरलेल्या अर्ध्या विमानावर एकही वर्तुळ उठलं नाही.

तिसरा बाप सॉफ्टर, आणि तो सर्वांत त्रासदायक. सॉफ्टरचं काम फिल्म मऊ करून ती पॅनेल लाइन (दोन पत्र्यांमधली खाच) आणि रिव्हेटमध्ये ओढून घेण्याचं. फिल्म मऊ करणारं द्रावण खालच्या रंगालाही थोडंफार हात लावणारच. लॅकरवर आधारलेले धातूचे रंग पूर्ण सुकलेले असतील तर बहुतेक सॉफ्टर सोसतात. अ‍ॅक्रिलिक धातूचे रंग आणि अ‍ॅक्रिलिक क्लिअर मात्र तेज सॉफ्टरखाली धुरकटतात किंवा मऊ पडतात. मायक्रो सोल सौम्य बाजूला, मिस्टर मार्क सॉफ्टर त्याच्या वर, आणि सॉल्व्हासेट चांगलाच तेज. मी सौम्यापासून सुरुवात करतो आणि तेज बाटली फक्त जाड, हट्टी डिकॅलसाठी उघडतो, तीही ठिपक्याएवढीच.

माझ्या पहिल्या १/४८ च्या (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढ्या) मिगवर मी उजव्या पंखावरच्या राउंडेलला, म्हणजे हवाई दलाच्या गोल चिन्हाला, तेज सॉफ्टर सढळ हाताने सोडला होता. फिल्म भिजून आकसली, आणि जास्तीचं द्रावण तिच्या कडेबाहेर पंखावर तळं करून बसलं. सकाळी तिथे चंद्रकोरीएवढी करडी कड होती. मी ती पॉलिश करून घालवायला गेलो आणि पाच मिनिटांत धातूच्या रंगाखाली मारलेला काळा थर, म्हणजे काळा बेस, वर आला. पंख पुन्हा रंगवावा लागला. तेव्हापासून एकच पद्धत पाळतो: बारीक ब्रश बाटलीत बुडवून काठाला पुसायचा, डिकॅलच्या मधोमध टेकवायचा, द्रावण स्वतःहून कडेपर्यंत जाऊ द्यायचं, आणि कडेबाहेर तळं दिसलं की लगेच टिश्यूचा कोपरा त्या तळ्याला टेकवायचा. डिकॅलला टिश्यू लागता कामा नये.

यानंतर फिल्म सुरकुतते. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. राउंडेलवर दुधाच्या सायीसारख्या घड्या पडतात, पांढरं आणि केशरी वर्तुळ वाकडंतिकडं दिसतं. हात लावू नका. दहा-पंधरा मिनिटांत घड्या आपोआप उतरतात, आणि पॅनेल लाइनची रेघ डिकॅलमधून एकदम वर येते, जणू पत्र्यावरच रंग मारलाय. या वेळात बोट लागलं तर फिल्म फाटते, आणि फाटलेली फिल्म सांधता येत नाही.

फिल्मच्या खाली: हवा

सिल्व्हरिंग म्हणजे फिल्म आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली हवा. ती अडकते कारण रंग दिसायला गुळगुळीत असला तरी असतोच असं नाही. त्यासाठी ट्यूबलाइटची परीक्षा करा. मॉडेल ट्यूबखाली धरून पंखात ट्यूबचं प्रतिबिंब बघा. ट्यूबची कड रेघेसारखी स्वच्छ दिसली तर त्या रंगावर थेट डिकॅल लावता येतं. कड विस्कटलेली, कापसासारखी दिसली तर आधी ग्लॉस क्लिअर हवं.

इथे बरेच जण डोळे मिटून सगळ्या विमानावर ग्लॉस मारतात. ते मला पटत नाही. काळ्या ग्लॉस बेसवर मारलेल्या अल्क्लॅडच्या पॉलिश्ड अ‍ॅल्युमिनियमसारख्या रंगाचा पृष्ठभाग आधीच काचेसारखा असतो. त्यावर क्लिअर मारलं की धातूची धार बोथट होते आणि विमान धातूऐवजी चंदेरी प्लास्टिकचं वाटायला लागतं. अशा रंगाला खाली क्लिअर लागत नाही. उलट साध्या स्प्रे कॅनची चांदी किंवा टामियाच्या एक्सएफ-१६ सारखा मॅट अ‍ॅल्युमिनियम जाड दाण्याचा असतो. तिथे क्लिअरशिवाय डिकॅल लावणं म्हणजे पॉलिश पेपरवर लावण्यासारखं आहे. तिथे ग्लॉसचे दोन पातळ हात द्या आणि दोन दिवस थांबा.

घासून चमकवायचे रंग, म्हणजे मिस्टर मेटल कलरच्या जातीचे, हे वेगळंच प्रकरण आहे. कापडाने घासल्यावर ते सुंदर दिसतात, पण वर सुटे पापुद्रे राहतात. डिकॅलचा गोंद रंगाला न चिकटता या पुडीला चिकटतो. खात्री करायची असेल तर सुटलेलं डिकॅल चिमट्याने उलटं करून टॉर्चखाली बघा. पारदर्शक कडेच्या मागे बारीक चांदीची पूड चिकटलेली दिसेल, लाडवाच्या डब्यातल्या कागदाला वर्ख चिकटावा तशी. अशा डिकॅलवर कितीही सॉफ्टर सोडा, उपयोग नाही, कारण ते चिकटलंय तेच मुळात हलतंय. या रंगावर डिकॅलच्या जागेपुरतं तरी क्लिअर लागतंच, आणि त्याआधी मऊ कोरड्या ब्रशने पूड झाडून घ्यायची.

आणखी एक कारण तुमची बोटं. चकचकीत रंगावर बोटाचा तेलकट ठसा पडला की त्या जागी पाणी पसरत नाही, थेंब थेंब होतं, आणि जिथे पाणी पसरत नाही तिथे हवा राहते. मी धातूचा रंग मारल्यापासून शेवटच्या क्लिअरपर्यंत विमान एक्झॉस्टच्या भोकात घातलेल्या काठीनेच धरतो, हातात नायट्राइलचे मोजे असतात. तरी डिकॅलच्या आदल्या दिवशी पेलाभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून मऊ फडक्याने पत्रा हलका पुसतो, मग साध्या पाण्याने पुसतो. घासून चमकवायच्या रंगावर क्लिअर नसेल तर हे करू नका, रंग फडक्यावर येईल.

डिकॅल पाण्यात किती वेळ ठेवायचं यावरही बरंच अवलंबून आहे. बशीत टाकून फोनवर बोलत बसलात तर गोंद पाण्यातच उतरतो आणि डिकॅल नुसतं तरंगत येतं. कॅमोफ्लाजवर ते क्लिअरखाली धरून राहतं, चकचकीत धातूवर कडा उचलल्या जातात. दहा-पंधरा सेकंद बुडवा, काढून ओल्या टिश्यूवर ठेवा, आणि बोटाने अलगद ढकलल्यावर कागदावरून सरकेपर्यंत थांबा. विमानावर त्या जागी मायक्रो सेट (डिकॅल बसवायचं द्रावण) किंवा नुसतं बॅटरीचं पाणी ओलं करून घ्या, मग डिकॅल त्या ओलीवर सरकवा. कोरड्या धातूवर सरकवायला गेलात तर ते पहिल्या स्पर्शालाच धरतं आणि ओढताना ताणतं. मिस्टर मार्क सेटरमध्ये स्वतःचा गोंद असतो. तो गोंद उतरलेल्या डिकॅलला उपयोगी पडतो, पण चांदीवर त्याचा अवशेष त्याच दिवशी नीट पुसावा लागतो.

नाशिकच्या हवेचंही बघावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा किती उतरतो ते आपल्याला ठाऊक आहे. शहरातही सकाळी बोटं आखडतात. त्या थंडीत फिल्म ताठ असते आणि पत्र्याच्या वळणावर बसत नाही. पाणी कोमट घ्या आणि काम दुपारी करा. एप्रिल-मे मध्ये उलटं होतं. सॉफ्टर फिल्म मऊ करण्याआधीच उडून जातो, म्हणून पहाटे पंखा बंद ठेवून काम करतो.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर, कारण जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या फोटोंपैकी बरेच डाग डिकॅलचे नसतातच. लॅकर क्लिअर दमट हवेत मारलं की थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि क्लिअर दुधाळ होतं. ऊन नसताना ते लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर डिकॅल लागतात, मग कधीतरी ढग बाजूला होतात आणि सगळं विमान धुक्यात गेल्यासारखं दिसतं. संशय डिकॅलवर येतो. डिकॅल लावण्याआधी लक्षात आलं तर लेव्हलिंग थिनरचा अगदी पातळ फवारा मारून बहुतेक दूध परत पारदर्शक होतं. डिकॅल लागल्यावर हे करता येत नाही, कारण तो थिनर डिकॅलच खाऊन टाकतो. म्हणून पावसाळ्यात क्लिअर मारल्यावर एक दिवस थांबून, खिडकीजवळ नेऊन तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सिल्व्हरिंग झालंच असेल तर अजून हाती आहे. बारीक सुईने, इन्सुलिनची सुई यासाठी उत्तम, चंदेरी भागावर सरळ खाली टोचा. ब्लेडने चीर पाडायची पद्धत कॅमोफ्लाजला चालते. इथे तिचा ओरखडा काळ्या बेसपर्यंत जातो आणि रेघ कायम दिसते. टोचलेल्या जागी सौम्य सॉफ्टरचा थेंब ठेवा, तो भोकातून आत ओढला जाताना दिसेल आणि चंदेरीपणा कडेकडून आत विरत जाईल. रात्रभर ठेवा. उरलं तर पुन्हा. माझ्या अनुभवात तिसऱ्या रात्रीपर्यंत बहुतेक सुटतं. तिसऱ्यानंतरही हललं नाही तर खाली हवा नाही, खाली पूड किंवा तेल आहे. मग सॉफ्टर थांबवा.

कडेची चौकट

डिकॅलच्या आजूबाजूची पारदर्शक फिल्म रंगापेक्षा मंद किंवा रंगापेक्षा चमकदार असली की चौकट दिसते. खाली हवा नाही, वर डाग नाही, तरीही चौकट. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ती फिल्म उरूच न देणं. नवं ब्लेड घालून, पट्टी न लावता, छपाईला चिकटून कापा. राउंडेलला हे सोपं आहे. नाकावरच्या 'सी'ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं तसं नाही. आकड्यांमधली फिल्म कापायला गेलात तर प्रत्येक आकडा वेगळा लावावा लागतो आणि ओळ वाकडी होते. मी तिथे फक्त बाहेरची चौकट कापतो, कोपरे गोल करतो आणि मधली फिल्म राहू देतो. टोकदार कोपरा डोळ्याला आधी दिसतो, गोल कोपरा तेवढा दिसत नाही.

काही नव्या डिकॅलवरची पारदर्शक फिल्म वाळल्यावर सोलून काढता येते, उदाहरणार्थ एडुआर्डच्या अलीकडच्या शीटवर. कॅमोफ्लाजवर हे वरदान आहे. धातूवर सोलताना रंगही सोबत येऊ शकतो, म्हणून आधी खाली सांगितलेल्या ड्रॉप टँकवर (विमानाखाली टांगायच्या इंधनाच्या टाकीवर) करून बघा.

स्टेन्सिल शेकड्याने असतात आणि त्यांच्या चौकटी एकेक करून जात नाहीत. त्यांच्यासाठी शेवटी सगळ्या विमानावर एक अगदी पातळ क्लिअर मारून फिल्म आणि रंग एकाच चमकेवर आणावे लागतात. धातूची धार थोडी जाते, तेवढं द्यावं लागतं. मात्र ज्या पॅनेलवर एकही डिकॅल नाही ते मी झाकून ठेवतो आणि तिथला उघडा धातू तसाच राहू देतो. उघडा धातू आणि क्लिअरखालचा धातू शेजारीशेजारी आले की दोन छटा दिसतात, आणि खरं विमानही तसंच दिसायचं. मामा सांगायचे, जवळ उभं राहिलं की मिगचा एक पत्रा दुसऱ्यासारखा नसायचा.

ड्रॉप टँक आणि रेडियमवाला

विमानाला रंग मारायच्या दिवशीच पोटाखालच्या ड्रॉप टँकलाही तोच प्रायमर, तोच बेस, तोच धातूचा रंग मारा. मग विमानाला हात लावण्याआधी त्या टँकवर शीटमधली नको असलेली, दुसऱ्या देशाची चिन्हं लावा, वेगवेगळे सॉफ्टर वेगवेगळ्या जागी वापरा आणि दोन दिवस ठेवा. नंतर टँक पुन्हा रंगवून टाकता येतो. पंखावर हा प्रयोग करता येत नाही. शीट जुनं, पिवळटलेलं असेल तर ही चाचणी टाळूच नका. जुनं डिकॅल पाण्यात पडल्यावर तुकडे होतं, आणि ते निरुपयोगी चिन्हाच्या बाबतीत झालेलं बरं.

केशरी, पांढरा आणि हिरवा आपल्या राउंडेलवर असल्यामुळे आणखी एक अडचण येते. पातळ छपाईचा पांढरा काळ्या बेसच्या चांदीवर राखाडी दिसतो आणि केशरी तांब्याकडे झुकतो. घरच्या लेझर प्रिंटरवर पारदर्शक डिकॅल पेपरवर छापलेल्या केशरीचं तर नक्कीच तसं होतं, कारण प्रिंटर पांढरा छापत नाही. काळे क्रमांक घरी छापा, ते उत्तम येतात. राउंडेलसाठी दोन मार्ग आहेत. शीटमध्ये जादा राउंडेल असतील तर एकावर एक दोन लावा, पहिलं पूर्ण वाळल्यावर दुसरं. नाहीतर डिकॅल सोडाच, राउंडेल रंगवा.

रंगवायचं असेल तर गाड्यांचे नंबर कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. शालिमार, सिडको, नाशिकरोड, कुठेही असे दुकानदार आहेत. संगणकावर मापाने वर्तुळं काढून नेली तर त्यांच्या कटरवर व्हिनाइलचे मास्क स्वच्छ कापून मिळतात. फक्त व्हिनाइलचा गोंद गाडीच्या पत्र्यासाठी केलेला असतो, मॉडेलच्या चांदीसाठी नाही. तो मास्क धातूच्या रंगावर लावून उपटलात तर रंग सोबत येतो. म्हणून क्रम उलटा धरा: आधी राउंडेलच्या जागी पांढरा, मग मास्क बदलत केशरी आणि हिरवा, मग पूर्ण राउंडेल गोल मास्कने झाकून त्यावर काळा बेस आणि धातूचा रंग. शेवटी मास्क निघतो तो राउंडेलवरून, चांदीवरून नाही. तरीही मास्क लावण्याआधी तीन-चार वेळा सुती शर्टावर चिकटवून त्याचा जोर कमी करून घ्या. या राउंडेलला फिल्म नाही, गोंद नाही, चौकट नाही. माझ्या मते १/४८ आणि त्याहून मोठ्या विमानावर हाच मार्ग धरावा. १/७२ ला डिकॅलच बरं.

काढायचंच असेल तर

कधी कधी डिकॅल वाचत नाही. सेलोटेप लावून उपटू नका, धातूच्या रंगावर टेप डिकॅलआधी रंग उचलतो. टिश्यूचा तुकडा डिकॅलच्या मापाचा कापा, सौम्य सॉफ्टरने ओला करून त्यावर ठेवा आणि वाळू न देता वीस मिनिटं थांबा. मग ओल्या बडने कडेकडून आत लोळवा. डिकॅल चिखलासारखं गोळा होऊन येतं. ते पुसा आणि रंग वाळू द्या.

खाली रंग दुखावला असेल तर तेवढाच ठिपका भरायला जाऊ नका. धातूच्या रंगाचा ठिपका कधीच मिसळत नाही. पॅनेल लाइन ते पॅनेल लाइन, पूर्ण पत्रा टेपने वेगळा करा. टेप आधी तळहातावर चिकटवून त्याचा जोर काढा. दोन हजारच्या पॉलिश पेपरने ओला घासून कड सपाट करा, पुन्हा काळा बेस, पुन्हा धातू, पण या वेळी धातूच्या बाटलीत गडद अ‍ॅल्युमिनियमचे एक-दोन थेंब जास्त. म्हणजे तो पत्रा शेजाऱ्यांपेक्षा किंचित वेगळा दिसेल, ओझरच्या विमानांवर दिसायचा तसा, आणि दुरुस्ती कुठे झाली ते सांगता येणार नाही. दोन दिवसांनी ट्यूबलाइटखाली पुन्हा कड बघा आणि नवं डिकॅल पाण्यात सोडा.